चित्रपट कार्यशाळा (महाराष्ट्र)

चित्रपट कार्यशाळा म्हणजे चित्रपटनिर्मितीची कला, तिचे तंत्र आणि तिचा व्यवहार यांची ओळख करून देणारा अल्प मुदतीचा अभ्यासवर्ग होय. एका सायंकाळच्या व्याख्यानापासून चार-पाच आठवड्यांच्या निवासी शिबिरापर्यंत अनेक उपक्रमांना हे नाव दिले जाते. महाराष्ट्रात अशा उपक्रमांचे दोन स्पष्ट प्रवाह आहेत. एक, चित्रपट कसा पाहावा हे शिकवणारा रसास्वादाचा. दुसरा, चित्रपट कसा करावा हे शिकवणारा निर्मितीचा. चित्रपट कसा विकावा, करारपत्र कसे वाचावे आणि गुंतवलेला पैसा परत कसा येतो, हे सांगणारा तिसरा प्रवाह अद्याप क्षीण आहे. वास्तविक मराठी निर्मात्याला सर्वाधिक गरज त्याचीच भासते.

पूर्वपीठिका

भारतीय चित्रपटसृष्टीचा आरंभच एका अल्पकालीन शिक्षणातून झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. धुंडिराज गोविंद फाळके तथा दादासाहेब फाळके यांनी मुंबईत गिरगावच्या तंबूवजा चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनाने या विद्येचा ध्यास घेतला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले. तेथील 'बायोस्कोप' या नियतकालिकाच्या संपादकाच्या ओळखीने त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रवेश मिळाला. चित्रीकरण, फिल्म धुणे, तिच्या कडांना छिद्रे पाडणे ही कामे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिली आणि काही आठवड्यांतच विल्यमसन कॅमेरा व इतर सामग्री घेऊन ते परतले. आजच्या भाषेत हा एक छोटा अभ्यासक्रमच होता. मात्र त्यामागे छायाचित्रण, छपाई, चित्रकला आणि जादूचे प्रयोग यांतील अनेक वर्षांचा सराव उभा होता, ही बाब फाळक्यांचा दाखला देणारे बहुधा विसरतात.

मुंबईस परतल्यावर फाळक्यांनी प्रथम हाती घेतला तो कथापट नव्हता. कुंडीत वाटाण्याचे रोप कसे वाढते, याचे दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण करून त्यांनी एक लघुपट तयार केला. तो पाहून सावकाराची खात्री पटली आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे राहिले. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला. पैसे मागण्याआधी कामाचा नमुना दाखवावा, हा व्यावहारिक धडा आज कार्यशाळांत 'पिच' या नावाने शिकवला जातो. फाळक्यांनी तो एका रोपट्याच्या आधारे गिरवला होता. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपटही त्यांनी १९१७च्या सुमारास केला आणि त्याचे काही अंश उपलब्ध आहेत. त्याच काळात 'नवयुग' मासिकातून त्यांनी या व्यवसायावर लेखही लिहिले. चित्रपटनिर्मितीविषयीचे मराठीतील हे आरंभीचे लेखन होय.

फाळक्यांनंतरचे शिक्षण कारखान्यात झाले. कोल्हापूरला बाबुराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी तो स्वतः तयार केला. या कंपनीत वेतनाची वा पदाची निश्चिती नसे. पडदे रंगवणे, सामान हलवणे, काळोख्या खोलीत फिल्म धुणे आणि वेळ आली की तोंडाला रंग लावून उभे राहणे, हे सारे एकाच माणसाकडे असे. व्ही. शांताराम, दामले आणि एस. फत्तेलाल याच मुशीतून तयार झाले. त्यांनी १ जून १९२९ रोजी केशवराव धायबर व सीतारामबापू कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. पुढे त्याच प्रभातमध्ये गुरुदत्त नृत्यदिग्दर्शनाचे काम करीत उमेदवारी करून गेले. उमेदवारीच्या या पद्धतीत हाताला वळण उत्तम लागे, परंतु दार कोणासाठी उघडायचे हे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. ओळख नसलेल्याला प्रवेश नव्हता. स्त्रियांना अभिनयाखेरीज इतर विभाग जवळजवळ बंदच होते. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरात केली, तथापि त्या कामाला शिक्षण वा पद असे नाव कधी मिळाले नाही.

संस्थात्मक शिक्षण

केंद्र शासनाने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१च्या आपल्या अहवालात चित्रपट-शिक्षण संस्थेची शिफारस केली. तिची फलश्रुती म्हणून १९६० साली पुण्यात, बंद पडलेल्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात, फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया सुरू झाली. दूरचित्रवाणीचा विभाग जोडला गेल्यावर ती फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, संक्षेपाने एफटीआयआय, या नावाने ओळखली जाऊ लागली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पी. के. नायर यांच्या परिश्रमांमुळे या संग्रहालयाला अभ्यासकांच्या दृष्टीने मोल आले. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

या संस्थेतून आलेल्या मराठी दिग्दर्शकांची परंपरा लक्षणीय आहे. अरुण खोपकर, सुनील सुकथनकर, उमेश कुलकर्णी आणि अविनाश अरुण ही त्यांतील काही नावे. परंतु प्रत्येक शाखेत जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा अखिल भारतीय आणि अभ्यासक्रम अनेक वर्षांचा. नोकरी करणारा, संसारी किंवा केवळ मराठीतून शिकलेला विद्यार्थी या चाळणीतून क्वचितच पार होई. कार्यशाळांची गरज निर्माण झाली ती या पार्श्वभूमीवर. २०१७ पासून एफटीआयआयनेही 'स्किफ्ट' या नावाने देशभर अल्प मुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले. पटकथालेखन, अभिनय, डिजिटल छायाचित्रण आदी विषयांचे हे वर्ग संस्थेच्या आवाराबाहेर, वेगवेगळ्या गावांत भरले. संस्थेच्या इतिहासातील हा मोठा बदल मानला पाहिजे.

रसास्वाद शिबिरे

भारतात चित्रपट रसास्वादाच्या शिक्षणाला चालना दिली ती मेरी सीटन या ब्रिटिश लेखिकेच्या व्याख्यानांनी. आयझेनस्टाइन यांचे चरित्र लिहिणाऱ्या या विदुषीने १९५०च्या दशकात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निमंत्रणावरून भारतात ठिकठिकाणी व्याख्याने दिली. त्यांच्या प्रभावातून घडलेले सतीश बहादूर हे मूळचे आग्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे अध्यापक. १९६३ मध्ये ते पुण्याच्या संस्थेत चित्रपट रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

बहादूर यांची अध्यापनपद्धती भाषाशिक्षकाला सहज ओळखू येईल अशी होती. कवितेची ओळ जशी शब्दागणिक उलगडावी, तसा ते चित्रपटाचा एकेक प्रसंग शॉटागणिक उलगडत. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) हे त्यांचे जणू पाठ्यपुस्तकच होते. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवावा, प्रकाश कोठून येतो, पात्र चौकटीच्या कोणत्या बाजूने बाहेर पडते, आवाज चित्राच्या आधी ऐकू येतो की नंतर, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घ्यावे. सोळा मिलिमीटरच्या प्रती आणि प्रक्षेपक घेऊन अशी शिबिरे अनेक गावांत भरली. पुढे चित्रपट संग्रहालय व एफटीआयआय यांच्या संयुक्त विद्यमाने उन्हाळ्यात सुमारे महिनाभराचा रसास्वाद अभ्यासक्रम पुण्यात नियमित होऊ लागला. शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, गृहिणी, बँकेतील कर्मचारी असे नाना व्यवसायांतले लोक त्यासाठी रजा काढून येत. श्यामला वनारसे आणि समर नखाते या मराठी अध्यापकांचा या कार्यात मोठा वाटा आहे.

मराठीत ही विद्या पोहोचवली ती प्रामुख्याने चित्रपट मंडळांनी. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही मध्यवर्ती संस्था १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने जागतिक चित्रपट मराठी प्रेक्षकांपर्यंत नेला आणि 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिकही चालवले. सुधीर नांदगावकर हे या मंडळाचे आणि नंतर फेडरेशनच्या कामाचे आधारस्तंभ होते. चित्रपट मंडळे महाविद्यालयांत नेण्याचा त्यांचा आग्रह होता. पुण्यात 'आशय' या संस्थेने हेच कार्य केले. अशोक राणे यांच्यासारख्या समीक्षकांनी मराठीतून रसास्वादाची शिबिरे घेतली. परिभाषा घडवण्याचे श्रेयही या मंडळींकडे जाते. संकलन, दृश्यचौकट, पटकथा, ध्वनिआरेखन हे शब्द आज सहज वापरले जातात. 'शॉट' आणि 'कट' यांना मात्र मराठी प्रतिशब्द रुजले नाहीत आणि तशी फारशी गरजही कोणाला वाटली नाही. अरुण खोपकर यांच्या 'चलत्‌चित्रव्यूह' या ग्रंथाला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चित्रपटविषयक मराठी गद्य किती प्रौढ झाले आहे, याची ती पावती म्हणता येईल.

निर्मितीच्या कार्यशाळा

निर्मितीची कार्यशाळा साधारणपणे दोन ते दहा दिवसांची असते. फिल्मच्या काळात तिला मर्यादा होती, कारण कच्च्या फिल्मची किंमत आणि प्रयोगशाळेचा खर्च नवशिक्याच्या आवाक्याबाहेर असे. डिजिटल कॅमेरा आणि त्यानंतर मोबाइल आल्यावर ही अडचण दूर झाली. संकलनाची काही चांगली सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. परिणामी आज शिकवण्याचा भर यंत्रावरून निर्णयांकडे वळला आहे, निदान वळायला हवा.

उत्तम कार्यशाळेचा क्रम बहुधा असा असतो. प्रथम एका पानाची, शक्यतो संवादाविना सांगता येईल अशी गोष्ट लिहून घेतली जाते. संवाद काढून घेतले की मराठी विद्यार्थी प्रारंभी गोंधळतो, कारण त्याच्यावर नाटकाचे संस्कार असतात आणि पात्र बोलले नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही असे त्याला वाटते. त्यानंतर शॉटची विभागणी होते. दोन पात्रांमधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने का ओलांडू नये, ओलांडली तर पडद्यावर दोघे एकाच दिशेला पाहत असल्याचा भास का होतो, हे फळ्यावर सांगून पटत नाही. चूक करून पडद्यावर पाहिली की एका मिनिटात कळते. ध्वनीकडे मात्र बहुसंख्य वर्गांत दुर्लक्ष होते. खिडकीबाहेरच्या रिक्षाचा आवाज संवादात मिसळला तर तो नंतर वेगळा काढणे कठीण असते. प्रत्येक जागेचा शांत आवाज अर्धा मिनिट तरी ध्वनिमुद्रित करून ठेवावा, ही साधी सूचना पाळली तरी संकलनाच्या वेळचे अनेक तास वाचतात. शेवटी संकलन. त्या वेळी विद्यार्थ्याला स्वतःचे आवडते शॉट काढून टाकावे लागतात आणि निबंधातील आवडते वाक्य खोडताना होणारा त्रास येथेही होतो.

उमेश कुलकर्णी यांच्याशी संबंधित 'आरभाट' या संस्थेने पुण्यात लघुपटांचे प्रदर्शन व चर्चा यांचा उपक्रम चालवला. त्यांचा स्वतःचा 'गिरणी' हा एफटीआयआयमधील लघुपट राष्ट्रीय पुरस्काराने गौरवलेला आहे. गोव्यात २००४ पासून भरणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात नामवंतांची व्याख्याने होतात. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि मुंबईतील लघुपट-माहितीपटांचा महोत्सव येथेही संवादसत्रे असतात. पटकथालेखकांसाठी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनने परिषदा व कार्यशाळा घेतल्या आहेत.

चित्रपटाचे पदवीशिक्षण नसतानाही मोठे काम करणाऱ्यांची उदाहरणे मराठीत विपुल आहेत. जब्बार पटेल हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. नाटकाच्या अनुभवावर त्यांनी 'सामना' (१९७५) केला. सुमित्रा भावे समाजशास्त्रीय संशोधनातून चित्रपटाकडे वळल्या आणि 'बाई' (१९८५) या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे संज्ञापन अभ्यासक्रम शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. 'कोर्ट' (२०१४) करणारे चैतन्य ताम्हाणे साहित्याचे विद्यार्थी होते. ही उदाहरणे कार्यशाळांच्या जाहिरातींत सर्रास वापरली जातात. त्यांतून शिक्षण अनावश्यक आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, कारण यांपैकी प्रत्येकाजवळ दुसऱ्या कोणत्यातरी क्षेत्रातील कसून केलेला अभ्यास होता.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

मुंबईच्या उत्तर-पूर्वेचा हा पट्टा व्याख्यानांना सरावलेला आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्यातील रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला आणि आचार्य अत्रे कट्टा येथे विनामूल्य व्याख्यान ऐकण्याची सवय अनेक पिढ्यांना लागली. गडकरी रंगायतन, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर यांमुळे नाटकाची गोडी टिकून आहे. ठाण्यातील अभिनय कट्ट्याने हौशी कलावंतांना उघड्यावरचा मंच दिला. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका ही या भागातील चित्रपट-शिक्षणाची पहिली इयत्ता म्हणता येईल. रंगमंचावर मागच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा आवाज कॅमेऱ्यासमोर आवरायचा कसा, ही पुढच्या इयत्तेची अडचण.

वर्तकनगर हा ठाणे पश्चिमेतील पोखरण रस्ता क्रमांक १ लगतचा, म्हाडाच्या वसाहतीभोवती वाढलेला भाग. उपवन तलाव आणि येऊरचा डोंगर येथून जवळ आहेत. घोडबंदर रस्त्याच्या परिसरात अनेक मराठी मालिकांचे चित्रीकरण चालते. त्यामुळे येथील तरुणाला चित्रीकरण हे दुर्मीळ दृश्य वाटत नाही. सहायक म्हणून काम मिळण्याची शक्यताही दक्षिण मुंबईपेक्षा येथे अधिक. शिक्षणाची ठिकाणे मात्र दूर. चांगला जागतिक चित्रपट पाहायचा तर दादर वा त्याच्याही पलीकडे जायचे, रात्रीच्या लोकलने परतायचे आणि वर्तकनगरसाठी स्थानकाबाहेर पुन्हा बस वा रिक्षा गाठायची. मुलींच्या बाबतीत घरची परवानगी बहुधा या शेवटच्या टप्प्यावरच अडते. कार्यशाळा वस्तीजवळच्या शाळेत, रविवारी सकाळी भरली तर उपस्थिती बदलते, असा शिक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. शाळांचे वर्ग त्या दिवशी रिकामेच असतात.

व्यवहाराचे शिक्षण

फाळके कलावंत म्हणून यशस्वी झाले, परंतु भागीदारांशी त्यांचे पटले नाही. हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीतून ते बाहेर पडले, परतले आणि अखेरची वर्षे नाशिकला विपन्नावस्थेत काढून १६ फेब्रुवारी १९४४ रोजी निवर्तले. हा इतिहास रसास्वादाच्या वर्गात सांगितला जातो, पण त्यामागचे आर्थिक गणित सांगितले जात नाही.

हे गणित फार अवघड नाही. तिकिटाची सर्व रक्कम निर्मात्याची नसते. कर वजा झाल्यावर उरलेल्या रकमेत चित्रगृहाचा वाटा असतो. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील संघर्ष मिटला तेव्हा निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला. उदाहरणादाखल कर वजा जाता तिकिटामागे १५० रुपये उरले असे धरू. पहिल्या आठवड्यात निर्मात्याकडे ७५ रुपये येतील. दीड कोटी रुपये खर्चाचा चित्रपट केवळ चित्रगृहांतून वसूल व्हायचा तर पहिल्याच आठवड्यात दोन लाख प्रेक्षक हवेत, आणि यात वितरकाचे कमिशन, डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क व प्रसिद्धीचा खर्च धरलेलाच नाही. घर गहाण ठेवून चित्रपट काढणाऱ्याने हा हिशेब चित्रीकरणाआधी मांडला पाहिजे.

खेळाची वेळ हाही कळीचा प्रश्न आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली. वाद झाल्यावर दुपारी १२ ते रात्री ९ अशी मुभा देण्यात आली. मराठी चित्रपटांना पूर्वी करमणूक करातून सूट होती. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर ती व्यवस्था संपली. शासनाचे दर्जानुसार अनुदान हा अनेक निर्मात्यांचा आधार आहे, परंतु ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर मिळते, याचा विसर पडता कामा नये.

कायद्याचे ज्ञानही याच सदरात येते. प्रताधिकार कायदा १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो, दिग्दर्शक नव्हे. पटकथा वा गीताचे हक्क हस्तांतरित करताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने लेखक व गीतकारांच्या स्वामित्वधनाला संरक्षण मिळाले. शीर्षकाची नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळासारख्या व्यावसायिक संस्थांकडे होते. सार्वजनिक प्रदर्शनासाठी, लघुपट असला तरी, १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली प्रमाणपत्र आवश्यक असते. २०२३ च्या दुरुस्तीने यूए वर्गात ७, १३ व १६ वर्षे असे उपविभाग झाले आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मर्यादा कायद्यातूनच निघाली.

या विषयांचे प्रत्यक्ष शिक्षण गोव्यात २००७ पासून भरणाऱ्या फिल्म बाजारात मिळू शकते. तेथे निवडक पटकथा व अपूर्ण चित्रपटांसाठी मार्गदर्शनवर्ग असतात आणि निर्माते, वितरक, महोत्सवांचे प्रतिनिधी एका ठिकाणी भेटतात. तेथील व्यवहार मुख्यतः इंग्रजीत चालतो. मराठीतून लिहिणाऱ्याला पटकथेचा चांगला अनुवाद सोबत न्यावा लागतो, आणि हा खर्च अंदाजपत्रकात क्वचितच धरलेला असतो.

आक्षेप

अल्प मुदतीच्या वर्गांवर प्रमुख आक्षेप आहे तो आश्वासनांचा. काही आयोजक शुल्काच्या बदल्यात मालिकेत भूमिका वा निर्मितीसंस्थेत काम देण्याचे सूचित करतात. निवडचाचणीसाठी पैसे घेणे ही व्यवसायाची प्रतिष्ठित रीत नाही. आयोजकाची स्वतःची कामे पाहायला मिळतात का, शुल्काची पावती दिली जाते का, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा व संकलनाचे यंत्र किती तास येणार, हे प्रश्न नाव नोंदवण्यापूर्वी विचारता येतात. प्रमाणपत्राला चित्रीकरणस्थळी किंमत नाही. मुंबईत काम करायचे तर संबंधित कामगार-संघटनेचे सदस्यत्व विचारले जाते.

दुसरा आक्षेप नामवंतांच्या व्याख्यानांविषयीचा आहे. अशी व्याख्याने पुष्कळदा आठवणींत रंगतात. श्रोते हसतात, छायाचित्रे काढली जातात आणि एखादा प्रसंग नेमका कसा चित्रित झाला हे विचारायचे राहून जाते. काही आयोजक यासाठी वक्त्याला त्याच्या चित्रपटातील एकच प्रसंग निवडायला सांगतात आणि तेवढ्यावरच दोन तास चर्चा घडवून आणतात. सतीश बहादूर यांच्या पद्धतीशी या रीतीचे नाते आहे. तीत वक्त्याला गृहपाठ करावा लागतो, म्हणून सर्वच जण तिला राजी होत नाहीत.